दुपारचा हुंकार

१

मृण्मयीची सायकल पहाटे पाचला जिन्याखालून निघायची, ती दिवेलागणीनंतर परत यायची. मधला सगळा दिवस तिच्या आईचा, एकट्या चंद्रप्रभाचा. बाराला क्लासवर डबा पोचवला, येताना भाजी घेतली, कपडे वाळत घातले, की मग तिला कामच उरत नसे. हदगावला घर होतं, अंगण होतं, दारावरून जाणारं प्रत्येक माणूस "काय चाललंय काकू?" म्हणत जायचं. इथं लातुरात वरच्या मजल्यावरची एक खोली, तिच्यात दोन कॉट, एक स्टोव्ह, आणि जिन्याच्या भिंतीवर घरमालकिणीनं कुणाकडून तरी लिहून घेतलेली पाटी : आवाज करू नये, मुलं अभ्यास करतात.

साल चौऱ्याण्णव. आदल्या वर्षीच्या भूकंपानं जिल्हा हादरला होता. शहर तसं वाचलं, पण भिंतींना तडे गेले ते गेलेच. माणसं अजूनही दाराला कडी न लावता निजत. आणि त्याच शहरात आसपासच्या चार जिल्ह्यांतल्या आया पोरांना घेऊन उतरत होत्या. बारावीला गुण पडले की पोर डॉक्टर झालंच, आणि गुण पडायचे तर लातुरातच, असं सगळे सांगत. चंद्रप्रभाही त्या सगळ्यांतलीच एक.

घरमालकीण गुरम्मा खाली राहायची. वर चार खोल्या. तिन्हींत, चंद्रप्रभाची धरून, शिकणारी पोरं. चौथी, चंद्रप्रभाच्या भिंतीला लागूनची, बंद.

"तिचं छत भूकंपात बसलंय," गुरम्मानं पहिल्याच दिवशी सांगितलं. "इंजिनेर म्हनला, हितं मानूस ठिवू नका. मधल्या भिताडाला बी तडा गेलता, पर तुमच्या अंगानं शिमीट भरून घेतलंय. फिकीर करू नका."

सिमेंटची ती रेघ चंद्रप्रभाच्या कॉटच्या अगदी उशाशी, छतापासून फरशीपर्यंत उतरली होती. खालच्या वीतभर भागात सिमेंट पोचलंच नव्हतं. तिथं बोट घातलं तर पलीकडची गार हवा लागायची.

२

चंद्रप्रभाला एक शौक होता, आणि तो ती चारचौघांत सांगत नसे. तिला रक्त पिणाऱ्या पिशाच्चांच्या कादंबऱ्या आवडत. तशा हेरकथाही चालत, हरवलेल्या वारसांच्या आणि जुळ्या बहिणींच्याही चालत. पण गढीतला फिकट उमराव, शेंदरी ओठ, वटवाघळं, असलं काही हाती लागलं की तिची दुपार साजरी झाली.

नवरा दत्तोपंत तिकडं हदगावलाच मुख्याध्यापक. ते थोरामोठ्यांची चरित्रं वाचत, पेन्सिलीनं समासात रेघा ओढत. तिच्या हातातलं पुस्तक बघून विचारत, "यातून काय घेतलंस?"

"काही नाही," ती म्हणायची. "मजा आली."

ते परत पेन्सिल उचलत. तिला त्या पिशाच्चांचे सगळे नियम पाठ होते : ऊन सोसत नाही, आरशात दिसत नाहीत, घरातल्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. यातल्या एका अक्षरावरही तिचा विश्वास नव्हता, म्हणून तर गंमत. फारच भीती वाटली की ती पुस्तक पालथं घालून चहा ठेवायची. चहाला आधण येईस्तोवर भीती गेलेली असायची.

गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत निवृत्ती नावाच्या माणसाचं पत्र्याचं वाचनालय होतं. पुढं झेरॉक्स, नोट्स, प्रश्नसंच. मागं दोन फळ्या कादंबऱ्या. पोरं पुढूनच परत जात. मागच्या फळ्यांपर्यंत जाणारी चंद्रप्रभा एकटीच.

"काकू, नवीन रक्ताचं आलंय," निवृत्ती हळूच सांगायचा. "काळ्या गढीची सून. मी वाचून बघितलं. पुरं गाव खल्लास."

तिला एक खोड होती : ती मनातल्या मनात वाचूच शकत नसे. सासूबाईंची नजर गेली तेव्हापासून अकरा वर्षं तिनं त्यांना पोथ्या, पेपर, लग्नपत्रिका, जे येईल ते वाचून दाखवलं होतं. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, पण तोंडानं पुटपुटल्याशिवाय शब्द आत जाईना. पाटीचा मान राखून ती खालच्या आवाजात वाचायची. कॉटवर भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, दोन ते साडेचार.

३

दिवाळी नुकतीच झाली होती. उन्हाचा पट्टा कॉटच्या पायाशी आला होता. काळ्या गढीतली नवी सून दिवा घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होती. शेवटची पायरी आली, सुनेनं दाराला हात लावला, चंद्रप्रभानं वाक्य संपवलं आणि पान उलटलं.

"हूं."

ती थांबली. पारवा असेल. छतावर पारवे बसत.

तिनं पुढचं वाक्य वाचलं. काही नाही. त्याच्या पुढचं वाचलं. गढीचं दार आतून कुणीतरी ओढलं.

"हूं."

पारवा दोनदा घुमतो, तिनं स्वतःला सांगितलं. हे एकदाच आणि वाक्य संपल्यावर. मग पाण्याची मोटर असेल, पाइपात हवा अडकली असेल. ती गॅलरीत जाऊन आली. मोटर बंद होती. बाकीच्या खोल्यांना कुलपं होती, पोरं क्लासला. खाली गुरम्मा घोरत होती. ती परत येऊन बसली आणि मुद्दाम एक वाक्य मध्येच तोडलं.

शांत. रस्त्यावरून टँकर गेला, तेवढंच.

तिनं उरलेले तीन शब्द म्हटले.

"हूं."

अगदी जवळून, उशामागून. बाई की पुरुष कळत नव्हतं. गोष्ट ऐकणारं माणूस सांगणाऱ्याला जसा हुंकार देतं, झोपलो नाही, ऐकतोय, चालू दे, तसा.

त्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि स्टोव्ह पेटवून भरपूर आवाज करत धपाट्याचं पीठ मळलं.

संध्याकाळी मृण्मयी आली. जेवताना तिच्या डाव्या हातात वही असायची. चंद्रप्रभाच्या ओठांवर आलं होतं सांगायचं, पण पोरीशी बोलणं म्हणजे तिचे गुण खाणं, असं तिला वाटे. तिनं आणखी एक धपाटं वाढलं. मृण्मयीनं एकदा मान वर करून बघितलं, आई काही बोलत नाही असं बघून परत वहीत घातली.

४

"कोन ऱ्हाईल तितं?" गुरम्मा म्हणाली. "कुलपाची चावी माज्या कंबरंला हाय."

"उंदीर असतील. एकदा उघडून बघू या का? माझी भाजी खातात हो."

उंदराचं नाव घेतल्यावर गुरम्मा उठली. सत्तरीची बाई, गुडघे दुखत होते, तरी एक एक पायरी चढून आली. कुलूप गंजलं होतं. तेल सोडलं तेव्हा फिरलं.

खोलीत काही नव्हतं. खरंच काही नव्हतं : पेटी नाही, पोतं नाही, खुंटीवर फडकं नाही. छताचा एक कोपरा पोट सुटल्यासारखा खाली आला होता. फरशीवर वर्षभराची धूळ, जाड, मऊ, साय धरल्यासारखी. तिच्यावर उंदराचं पाऊल नव्हतं, माणसाचं तर नव्हतंच.

"बघा," गुरम्मा म्हणाली. "झालं समाधान?"

चंद्रप्रभा मधल्या भिंतीकडे बघत होती. तिथं, तड्याच्या खालच्या टोकाशी, फरशीचा एक तुकडा स्वच्छ होता. पाट मांडावा तेवढा. पुढं दोन लांबट पट्टे, तेही स्वच्छ. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून कुणी रोज बसावं तसे.

पण दारापासून तिथपर्यंत धूळ अखंड होती.

गुरम्मानंही पाहिलं. तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "वाऱ्यानं उडाली आसंल," ती म्हणाली. "शिवा शिवा. चला खाली, च्या घ्या."

खोलीला खिडकी होती, पण ती बंद होती. चंद्रप्रभानं ते बोलून दाखवलं नाही. तड्यातून वारा येत असेल, आपल्याच खोलीचा वारा. तो तेवढीच जागा झाडत असेल. असं होऊ शकतं. चहा पिताना तिनं ते तीन-चार वेळा मनाशी घोळवलं, आणि शेवटी ते खरं वाटू लागलं.

५

पुढचं सांगायला ती नंतर कधी तयार झाली नाही, कारण त्यात तिचाच हात होता.

ती वाचत राहिली. पहिले चार दिवस दुसऱ्या कॉटवर बसून, दाराकडे तोंड करून. हुंकार यायचा, पण लांबून, कान देऊन ऐकावा लागे असा. पाचव्या दिवशी ती आपल्या जागेवर परत आली. करायचं काय? सबंध दिवसात तिच्या तोंडच्या वाक्याला उत्तर देणारं दुसरं होतं कोण? भाजीवाली भाव सांगायची, निवृत्ती पुस्तक सांगायचा. बस.

ती चांगलं वाचू लागली. उमरावाला घोगरा आवाज, सुनेला बारीक, म्हाताऱ्या नोकराला बोबडा. विनोद आला की थांबायची, आणि पलीकडून नाकातल्या नाकात हसल्यासारखं काहीतरी यायचं. सासूबाई कधी हसल्या नव्हत्या. एकदा तिनं कंटाळवाणं पान गाळलं, तर भिंतीवर नखानं हलकेच दोन टिचक्या बसल्या. तिनं घाबरून ते पान वाचलं. मग तिलाच हसू आलं. लग्न होऊन वीस वर्षं झाली, आपण काय वाचतो याची एवढी काळजी कुणी केली नव्हती.

जानेवारीत एका दुपारी जमीन हलली. लहानच धक्का, तवा खुंटीवर वाजला, स्टोव्हवरचं पातेलं सरकलं. गल्लीत माणसं ओरडत बाहेर पडली. चंद्रप्रभाही जिन्याकडे धावली, आणि दारातच तिला मागून ऐकू आलं. या वेळी हुंकार नव्हता, शब्द होता.

"मंग?"

बाहेर जग पळत होतं आणि भिंतीपलीकडचं माणूस विचारत होतं, मग पुढं काय झालं. ती खाली जाऊन गल्लीत सगळ्यांत उभी राहिली. बायका एकमेकींचे हात धरून भूकंपाच्या त्या पहाटेचं बोलत होत्या. तिचा हात धरायला कुणी नव्हतं. पंधरा मिनिटांनी सगळे आत गेले, तीही गेली. कॉटवर बसली. अंग अजून कापत होतं, आणि एकटीनं कापणं फार वाईट असतं. पुस्तक उचलता उचलता ती भिंतीला म्हणाली, सहज, शेजारणीला म्हणावं तसं :

"भिंतीआडून काय ऐकता? या की इकडं, बसा."

म्हणून झाल्यावर तिला तो नियम आठवला. ती स्वतःशीच हसली. मग तिनं वाचायला सुरुवात केली.

पहिलं वाक्य संपलं. हुंकार आला नाही. दुसरं संपलं. पान संपलं. तिनं तड्यापाशी बोट नेलं. नेहमीची गार हवा लागली नाही. पलीकडे आता कुणी नव्हतं.

६

तीन आठवडे काहीच झालं नाही. हुंकार नाही, टिचकी नाही. तिनं दोन नवीन पुस्तकं आणली, दोन्ही अर्ध्यावर सोडली. आपल्याला त्या हुंकाराची आठवण येते, हे कळल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. एकदोनदा वाचताना उगाच वाटलं, समोरच्या, मृण्मयीच्या कॉटवर चादरीला बसल्यासारखा खळगा पडलाय. ती उठली, चादर झटकून नीट केली. जुनी गादी, कापूस बसलेला, खळगा पडायचाच.

फेब्रुवारीत परीक्षा दहा-बारा दिवसांवर आली तेव्हा दत्तोपंत यायचे होते. त्या दिवशी चंद्रप्रभा बाराला डबा देऊन, जवळ उरलेलं एकुलतं एक पुस्तक वाटेत निवृत्तीला परत करून थेट एसटी स्टँडवर गेली. नांदेडची गाडी लोह्याला पंक्चर झाली होती. तीन तास ती बाकावर बसून होती. दोघं घरी आली तेव्हा चार वाजून गेले होते.

दार लोटलेलं होतं. कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं, उघडं. चावी तिच्या पर्समध्ये होती.

मृण्मयी कॉटवर झोपली होती, तोंड लाल, अंग तापलेलं. हाक मारली तशी डोळे उघडून हसली. कितीतरी महिन्यांनी तिला असं हसताना आई बघत होती.

"कधी आलीस बाळ? क्लास सोडून?"

"दोनला. फार ताप वाटला म्हणून आले." तिनं वडिलांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही आत्ता आलात? आई तर इथंच होती."

"मी स्टँडवर होते, मृण्मयी."

"त्याच्या आधी गं. दार तूच उघडलंस की. तू वाचत होतीस. मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं, तू थांबलीसुद्धा नाहीस." ती कुशीवर वळली. "किती दिवसांनी, आई. मला वाटलं तू रागावशील, क्लास बुडवला म्हणून. तू नुसता कपाळावर हात ठेवलास. गार गार. आणि वाचत राहिलीस."

चंद्रप्रभा कॉटच्या कडेला बसली.

"काय वाचत होते मी?"

"ती गढीची नाही का. छान होती. संपलीच नाही."

"माझं तोंड बघितलंस तू?"

"असं काय विचारतेस? पुस्तक होतं ना तोंडासमोर."

खोलीत पुस्तक नव्हतं. प्रश्नसंच होते, वह्या होत्या. गोष्टीचं पुस्तक एकही नव्हतं. चंद्रप्रभानं पोरीचे केस मागे सारून तिची मान पाहिली, इकडून, तिकडून. काही नव्हतं. असलं काही शोधतो आहोत याची तिला शरम वाटली, तरी पुन्हा एकदा पाहिलं.

"तापात भास होतात," दत्तोपंत म्हणाले.

"आणि कुलूप?"

"लावायचं राहिलं असेल. आणि वाच असली पुस्तकं."

७

दुसऱ्याच दिवशी तिनं खोली बदलली. दत्तोपंत संतापले, परीक्षा तोंडावर, पोर तापलेली, आणि हिचं हे खूळ. चंद्रप्रभा आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर हटून बसली. दोन गल्ल्या पलीकडे एका लांबच्या ओळखीच्यांच्या घरात पुढची खोली मिळाली. तिथं बारा माणसं, सारखा राबता. गुरम्मा जिन्याशी उभी राहून सामान जाताना बघत होती. ती वाद घालेल असं चंद्रप्रभाला वाटलं होतं.

"जावा माय," ती एवढंच म्हणाली. "माज्यानं बी थांबा म्हनवत न्हाई."

ताप तीन दिवसांत उतरला. परीक्षा सुरू झाली. चंद्रप्रभानं पुस्तकाला हात लावणं सोडलं. निवृत्तीच्या गल्लीतून जायचं सोडलं. ती पोरीला सेंटरवर सोडायची, आणायची, ताट वाढायची, आणि तोंड घट्ट मिटून बसायची; आपल्या आवाजाचीच तिला भीती बसली होती. त्या आवाजाची कुठं, कोण नक्कल करतंय, कुणी सांगावं?

"आई, तू आता वाचत नाहीस?" मृण्मयीनं एकदा विचारलं.

"तुझी परीक्षा आहे ना."

"हो," मृण्मयी म्हणाली. मग म्हणाली, "त्या खोलीत तू दुपारी रोज वाचायचीस, हे मला माहीतच नव्हतं. मी तिकडं केमिस्ट्री करत बसायची."

मृण्मयीनं वही ओढली.

८

शेवटचा पेपर बायोलॉजीचा. त्या दिवशी मृण्मयी म्हणाली, मी एकटी जाते, तू सामान बांध. चारच्या गाडीनं निघू. पेपर दोनला सुटायचा. अडीच वाजले, तीन वाजले. चंद्रप्रभा सेंटरवर गेली. फाटक बंद झालं होतं. क्लासमधली एक मुलगी बाहेर उसाचा रस पीत होती.

"मृण्मयी? ती तर पेपर सुटल्या सुटल्या गेली, काकू. घाईत होती."

कुठं, हे चंद्रप्रभाला विचारावं लागलं नाही. भर उन्हात ती धावत निघाली.

गुरम्माच्या जिन्याखाली सायकल उभी होती. खाली गुरम्मा घोरत होती. वर तिन्ही खोल्यांना कुलपं. चौथ्या खोलीचं कुलूप कडीत नुसतं अडकवलेलं. आतून आवाज येत होता. आधी तिला वाटलं आपणच धापा टाकत काही पुटपुटतोय, कारण आवाज तिचाच होता : उमरावाचा घोगरा, सुनेचा बारीक. फक्त श्वास घ्यायला कुठं थांबत नव्हता.

तिनं दार ढकललं.

धुळीत मृण्मयी बसली होती, पेपरचं पॅड बाजूला टाकून. पाय पोटाशी घेतलेले, मान कलती, कुणाच्या तरी खांद्यावर विसावलेली. कुणाच्या, ते दाराच्या फळीआड होतं. चंद्रप्रभाला दिसलं ते एवढंच : फळीच्या कडेबाहेर आलेला पदराचा काठ, शेवाळी, त्यावर हळदीचा डाग. तिनं खाली बघितलं. तीच साडी तिच्या अंगावर होती, आणि डाग सकाळी पडला होता. आणि वर, तोंडाच्या उंचीवर, उघडं धरलेलं पुस्तक. त्याची पानं कोरी होती.

वाचणं थांबलं. पुस्तक हळूहळू खाली येऊ लागलं.

चंद्रप्रभानं नजर पोरीच्या पावलांवर खिळवली. वर बघायचं नाही. काय करावं? हाक मारावी, तर तोच आवाज दोन्हीकडून येणार; पोरीनं कुठला आपला मानायचा? ओढून न्यावं, तर पोर उद्या परत येईल. भित्र्या माणसाला कधी कधी एकदम सुचतं तसं तिला सुचलं. तिनं तोंड उघडलं आणि गोष्ट सांगायला लागली.

"आणि मग सुनेनं काय केलं माहीत आहे?" तिचा आवाज फाटला होता, चिरका येत होता. "सुनेनं गढीत म्हैस आणली."

मृण्मयीची मान हलली. "काय?"

"म्हैस. हदगावच्या बाजारातनं. चांगली मुऱ्हा. उमराव म्हणाला, गढीत म्हैस चालणार नाही. सून म्हणाली, मग चहाला दूध कुठनं आणू? उठ. चालता चालता सांगते."

"पण तिथं तर असं नव्हतं..."

"तिथं नसेल. ऐक. रात्री उमराव निघाला रक्त प्यायला, अंधारात म्हशीवर पडला. म्हशीनं दिली लाथ. उठ, बाळ. हात दे."

हात तिच्या हातात आला. गरम होता, घामेजलेला. फळीआड पदर सरसरला. चंद्रप्रभानं बघितलं नाही. ती पाठमोरी झाली नाही, वळलीही नाही; मागं मागं पावलं टाकत, पोरीच्या पायांकडे बघत, म्हशीचं बोलत राहिली. उंबरा, गॅलरी, जिना. दोन पायऱ्या उतरल्यावर तिला धाप लागली आणि ती घटकाभर गप्प झाली. त्या घटकेत मृण्मयीनं मागं वळून वर बघितलं, आणि तिचं पाऊल अडलं.

"मग उमरावाचा दात पडला!" चंद्रप्रभा ओरडली. "दात पडला त्याचा, शेणात!"

मृण्मयी फिसकन हसली.

सायकल तिथंच राहिली. बांधलेलं सामान नव्या खोलीत राहिलं. दत्तोपंत येऊन नेतील. दोघी तशाच स्टँडवर आल्या, लागलेल्या नांदेड गाडीत बसल्या, आणि इतका वेळ चंद्रप्रभाचं तोंड बंद नव्हतं. उमराव दात शोधत होता. सून त्याला उजेडात यायला सांगत होती. कंडक्टरनं तिकिटासाठी दोनदा विचारलं, तेव्हा तिनं बोलता बोलताच दोन बोटं दाखवली. चाकूर गेलं. लोक बघत होते. घसा सोलवटला होता, शब्द आता नुसते वाऱ्यासारखे येत होते.

"ही वेगळीच गोष्ट आहे, आई," मृण्मयी खिडकीला डोकं टेकून म्हणाली.

चंद्रप्रभा तिच्याकडे वळली. "आवडली नाही?"

पोर बाहेर बघत होती. सोयाबीनची रिकामी रानं मागं पळत होती.

"ती गोष्ट जास्त नीट होती," ती म्हणाली. "पण ती वाचणारी मला कधी विचारायची नाही, आवडली का म्हणून." मग तिनं खिडकीवरचं डोकं काढलं आणि आईच्या खांद्यावर ठेवलं. "सांग."

अहमदपूरच्या पुढं तिचा श्वास संथ झाला. झोपली असावी. चंद्रप्रभाकडे सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. उमराव हरला होता, सून जिंकली होती, म्हैस व्यायली होती. पण नांदेड अजून लांब होतं, आणि नांदेडच्या पुढं हदगाव. गोष्ट संपवायची तिला हिंमत होईना. तिनं ओठ ओले केले, पोरीच्या कानाशी वाकली, आणि गढीच्या दाराशी सुनेची आई येऊन उभी राहिली आहे, इथून पुढं सांगायला लागली.